बारा तासांची रात्र

परभणी,
८ जानेवारी २०२५

ती. सिद्धोधनदादास,
धम्मशीलाचा सविनय जयभीम वि. वि.

तुमचं कानाचं मशीन फोनवर नुसतं शिट्ट्या मारतं, म्हणून पत्रच लिहिते. नातवाच्या नामकरणाला मी आले न्हाई म्हणून वहिनी रुसल्यात, हे कळलं. दादा, मला सुट्टीच न्हाई. वसमत रोडवरच्या आधारघरात मी रात्री आठला जाते आणि सकाळी आठला सुटते. अकरा म्हाताऱ्या माणसांवर मी एकटी. कुणाला पाणी, कुणाला लघवीचं भांडं. लक्ष्मीबाईंना तर अर्धांगवायू झालाय. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते.

पगार मात्र चार तासांचा, महिन्याला सहा हजार. परवा मालक सूर्यभानजींना विचारलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले की बाकीचे आठ तास तुम्ही झोपताच, झोपेचे पैसे कोण देतं? मला तिथं तोंड उघडता आलं न्हाई. घरी येऊन भाकरी थापताना रडू आलं.

वहिनींची समजूत काढा. बाळाला माझा मुका. माया हाय तशीच राहू द्या.

तुमची धाकटी,
धम्मशीला

पूर्णा,
१५ जानेवारी

चि. धम्मशीलास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वहिनीला वाचून दाखवलं. तिचा रुसवा अर्ध्या पत्रातच गेला, आता ती तुझ्या मालकावर तापलीय. सूर्यभानचं नशीब, की पूर्णा ते परभणी मधी अंतर हाय.

बाई, मी एकतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर काढली. दोन गाड्यांच्या मधी खुर्चीवर बसूनच असायचो. त्याला कुणी झोप म्हटलं न्हाई. फाटक सोडून जाता येत नव्हतं, म्हणजे ड्यूटी. तुला रात्री मनात आलं तर उठून घरी जाता येतं का? न्हाई ना? मग बाराही तास कामाचेच. सरकारनं किमान वेतन ठरवलेलं असतं, त्याच्या खाली कुणाला देता येत न्हाई. परभणीत कामगार कार्यालय हाय, तिथं अर्ज दे. लहानपणी मला माझ्या हिश्श्याचा गूळ मिळावा म्हणून लय भांडायचीस, आता स्वतःचं मागायला लाजतीस होय?

काय झालं ते कळव. तब्येतीला जप.

तुझा दादा,
सिद्धोधन

परभणी,
४ फेब्रुवारी

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

अर्ज दिला. तिथल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं, तारीखही दिली, वीस फेब्रुवारी. पण सूर्यभानजींना नोटीस गेली आणि दुसऱ्या दिवशी मला फाटकातूनच परत पाठवलं. काम गेलं, दादा. आधारघरातच दिवसपाळीला असणारी, माझ्यासंगं अर्जावर सही करते म्हणलेली मालनबाई बाजारात दिसली, तर मेथीची जुडी चाळत तोंड फिरवून उभी राहिली. तिला काय बोलू? तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय, घर तिच्याच पगारावर चालायलंय.

मालकांनी लेखी दिलंय की रात्री दहानंतर सगळं घर झोपतं, बाईसुद्धा. लक्ष्मीबाईंची कूस बदलली की मी पलंगाला अडकवलेल्या कागदी तक्त्यावर वेळ लिहून सही करायची. ते तक्ते त्यांच्या कपाटात कुलूपबंद हायत. माझ्या हातात कागद म्हणून काही न्हाई. अर्ज मागं घ्यावा का? खरं सांगा.

तुमची,
धम्मशीला

पूर्णा,
९ फेब्रुवारी

चि. धम्मशीलास,
आशीर्वाद.

मागं घ्यायचा न्हाई. ज्वारीचा कट्टा एस्टीनं पाठवलाय, चुलीची काळजी सोड.

आता डोकं चालव. तुला चार तासांचे देणारा मालक म्हाताऱ्यांच्या घरच्यांकडून रात्रीच्या सेवेचे पैसे घेतच असणार. ते काय कागद पाहिल्याबिगर देतात? लक्ष्मीबाईंचा मुलगा पालमला दुकानदार हाय म्हणालीस ना मागं? दुकानदार माणूस चिटोरं फेकत नसतो. जा त्याच्याकडं. मी आलो असतो, पण वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. आणि मी आलो तर तू माझ्यामागं लपशील.

तुझा,
दादा

परभणी,
५ मार्च

ती. दादा आणि वहिनीस,
धम्मशीलाचा लय लय आनंदाचा जयभीम!

वहिनी, नवीन डोळ्यानं हे पत्र तुमीच वाचा.

पालमला गेले. लक्ष्मीबाईंच्या मुलाचं, महारुद्रभाऊंचं, भांड्याचं दुकान हाय. सगळं ऐकून ते गिऱ्हाइकाकडं वळले. मला वाटलं, गेलं. मग त्यांनी फळीवरून फाईल काढली. दर महिन्याच्या बिलाला आईच्या तक्त्याची झेरॉक्स जोडलेली! दहा, बारा, दोन, चार, सहा आणि प्रत्येक वेळेपुढं माझी सही. तारखेला ते स्वतः फाईल घेऊन आले.

सूर्यभानजी तिथंही म्हणाले की बाई झोपते. मॅडमनी तक्ता त्यांच्यापुढं ठेवला आणि आवाज न चढवता विचारलं, बाई झोपली असेल तर हा तक्ता खोटा आणि तुम्ही या लोकांकडून खोटे पैसे घेतले. तक्ता खरा असेल तर बाई जागी होती. दोन्हींपैकी काय लिहून घेऊ? महारुद्रभाऊ माझ्या शेजारीच उभे होते. मालकांनी तक्ता मॅडमकडं परत सरकवला. मग म्हणाले, खरा लिहा.

दादा, मग मीच बोलले! म्हणाले की कूस दहा मिनिटांत बदलते, पण पुढची हाक कधी येईल म्हणून सगळी रात्र कान उघडे ठेवून बसते, तेही कामच हाय. मॅडमनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

मागच्या सहा महिन्यांचा फरक, बहात्तर हजार, काल बँकेत जमा झाला. मला कामावर परत घेतलं. पगार पूर्ण, आठवड्याला सुट्टी आणि रात्री जोडीला दुसरी बाई. पहिल्या रात्री लक्ष्मीबाईंनी धड असलेल्या हातानं माझं मनगट धरलं, ते बराच वेळ सोडलंच न्हाई.

आज सकाळी सुटले, तर मालनबाई फाटकाबाहेर उभी. पदराखालून तिनं स्वतःच्या पगाराचा अर्ज काढला, रात्री पोरीकडून लिहून घेतलेला. खाली आणखी दोघींचे अंगठे. मी म्हणाले, मी येते संगं. तर म्हणाली, ये, पण पुढं मी चालणार. सोमवारी जायलोय आमी.

आशीर्वाद द्या, चौघींना पुरतील एवढे.

तुमची,
धम्मशीला