ती मागून येतेय

प्रिय अहो,

हसू नका. 'प्रिय'च्या पुढे काय लिहायचं या विचारात माझा चहा गार झाला. चौतीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही, कारण मी कधी कुठे गेलेच नाही, आणि तुम्ही गेलात की आठव्या दिवशी दारात हजर. नावानं हाक मारायची आपल्यात पद्धत नव्हती, तेव्हा जे तोंडात बसलंय तेच कागदावर उतरवलं. चष्मा सापडत नाही म्हणून तुम्ही हे पत्र वन्संकडून वाचून घेत असाल, तर वन्सं, मोठ्यानं वाचा आणि मध्ये काही गाळू नका. तुमच्या भावाचा खुबा मोडलाय, कान शाबूत आहेत.

तळ्याची फेरी आज पुरी झाली. पाचव्या गावातल्या मुक्कामाच्या खोलीत बसून लिहितेय. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली कुणीतरी घडी घातलेला कागद सारलाय, तरी ते डुगडुगतंय, म्हणून अक्षर असं. डाव्या टाचेला दोन फोड आलेत, एक फुटला. फोनवर मी रोज 'बरी आहे' एवढंच म्हणत होते, कारण फोन वन्संच्या हातात आणि मागे तुमची घंटा. उद्या शनिवारी मी परतायचं, परवा सकाळच्या गाडीनं वन्संनी त्यांच्या घरी निघायचं आणि रविवारपासून घंटा पुन्हा माझ्याकडे, असं ठरलंय. चार दिवस हाच हिशेब डोक्यात घेऊन चालले.

त्या घंटेबद्दल आधी बोलते. सासूबाईंनी ती पितळी घंटा अकरा वर्षं उशाशी ठेवली. पाणी हवं, एकदा. कूस बदलायची, दोनदा. उगीच, तीनदा. मी शाळेच्या गणवेशांची काज-बटणं करत बसलेली असायचे, मशीन थांबवायचे, जायचे, यायचे, पुन्हा दोरा ओवायचे. त्या गेल्या तेव्हा मला रडू आलं, खोटं नाही सांगत, चांगल्या होत्या त्या. पण तेराव्या दिवशी मी घंटा जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटावर टाकली. आणि तुम्ही? दवाखान्यातून घरी आलात आणि दुसऱ्याच दिवशी विचारलंत, आईची ती घंटा कुठे गं? सात महिने झाले. डॉक्टरांनी वॉकर दिला, म्हणाले, साहेब, आता चालायला लागा, हाड जुळलंय. त्या वॉकरवर मी टॉवेल वाळत घालते.

लेकीनं जबरदस्तीनं मला घराबाहेर काढलं हे तुम्हाला ठाऊकच आहे. आई, आठ दिवस कुठेही जा, आत्या सांभाळेल, असं म्हणाली. कुठे जाऊ म्हटल्यावर माझ्या तोंडून तळ्याचंच नाव निघालं. दुसरं कुठलं निघणार? बावीस वर्षं दर हिवाळ्याच्या तोंडाशी नकाशा कचेरीचं काम म्हणून तुम्ही तिकडे जायचात. कड्याची वाट कुठे ढासळली, कुठल्या पायऱ्या खचल्या, मैलाचे दगड जागेवर आहेत का, सगळं बघून यायचात आणि मग महिनाभर आमच्यापुढे त्याची पारायणं. ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं पाणी, भोवती कड्यावर बसलेली पाच जुनी गावं, काळ्या दगडाच्या वेशी. मला ती गावं पाठ होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी म्हटलं होतं, मलाही न्या ना एकदा. तुम्ही पेन्सिलीला टोक करत होतात, मान वर न करता म्हणालात, तिथे एकट्या माणसालाच सोडतात, वाट अरुंद आहे, नियमच आहे तसा. नियम म्हटल्यावर मी गप्प बसले. नियमांपुढे मी नेहमीच गप्प बसत आलेय.

पहिल्या गावाच्या वेशीत फेरीची वही असते. नाव लिहायचं, किती जण ते लिहायचं, शिक्का घ्यायचा. मी सही केली तशी वहीवाली बाई चष्म्यावरून बघायला लागली. आडनाव वाचलं आणि उठूनच उभी राहिली. नकाशेवाल्या साहेबांच्या का तुम्ही? मी हो म्हटलं. तर बाई आत तोंड करून ओरडली, अगं ए, पोचल्या बघ एकदाच्या! आणि पोट धरून हसायला लागली. मला कळेना काय झालं. मग तिनं कपाटातून जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक वर्षी तुमचं रेखीव अक्षर, नकाशावर गावांची नावं घालायचात तसलं. नावाच्या रकान्यात तुमचं नाव, पुढे 'आणि सौ.', आणि संख्येच्या रकान्यात दोन. बावीस वर्षं. बाई म्हणाली, साहेब दर वेळी सांगायचे, ती मागून येतेय, सावकाश चालते ती. आम्ही वाट बघायचो हो, मग दार लावून घ्यायचो.

अहो, बावीस वर्षं मी घरी दोरा ओवत होते, मग ही सौ. कोण? दुसऱ्या गावापर्यंतची वाट मी त्या वहीतल्या सौ.ला शिव्या घालत चालले. उजव्या हाताला खाली तळं, हिरवंगार, वारा नाही की लाट नाही, लोक थांबून थांबून बघत होते, आणि मी आपली दात ओठ खात पुढे. तुमच्या नकाशात दुसऱ्या गावाला चढायच्या पायऱ्या दोनशे चौदा आहेत. मी रागाच्या भरात मोजल्या, दोनशे एकतीस भरल्या. मनात म्हटलं, इथेही खोटं. वर गेल्यावर तिथल्या वहीतही तेच, 'आणि सौ.' वहीवाल्यानं उलट माझ्या गुडघ्याची चौकशी केली. त्याला तुम्ही सांगितलं होतंत, तिचा गुडघा दुखतो, झऱ्यापाशी बसलीय. गुडघा माझाच होता. तो दुखतो हे तुम्हाला माहीत होतं तर! घरी कधी विचारलं नाहीत ते.

तिसरं गाव विणकरांचं. घरं एकमेकांना टेकून, खाली माग, वर राहायचं, भिंती त्याच काळ्या भोकाभोकांच्या दगडाच्या. वही जिच्याकडे आहे ती म्हातारी स्वतः मागावर बसते. तिला मी धीर करून विचारलंच, ती बाई दिसायला कशी होती? म्हातारी म्हणाली, कुठली बाई? साहेब एकटेच असायचे. त्या बाकावर बसायचे, शेजारी पिशवी ठेवायचे, आणि कुणी बसायला लागलं तर म्हणायचे, ही जागा तिची आहे, येतेय ती. तिला शिवण येतं, तिला तुमचं कापड आवडेल, असंही म्हणायचे. एकदा तर म्हातारीनं दाखवलेला निळा तुकडा हातात धरून बराच वेळ बसले होते म्हणे.

आता काय सांगू तुम्हाला. मी त्या बाकावर बसले आणि हमसून हमसून रडले. म्हातारीनं माग थांबवला, पाणी दिलं. मला वाटलं, हा माणूस तोंडानं कधी बोलला नाही, पण मनात मला घेऊन फिरत होता. घरात आई अंथरुणाला खिळलेली, बायकोला नेता येत नाही, वर कचेरीचा नियम, मग बिचाऱ्यानं वहीत तरी नेलं. किती वेडी मी! तिथल्या तिथे तुम्हाला लोकरीची टोपी घेतली. ठरवलं, शनिवारची वाट बघायची नाही, चौथ्या गावातून मधली गाडी धरायची आणि एक दिवस आधीच घरी जायचं. घंटा दहादा वाजवा, म्हटलं, दहादा उठेन. निघताना म्हातारी म्हणाली, तुला शिवण येतं ना, माझं तयार कापड शिवायला माणूस मिळत नाही, वरची खोली रिकामीच आहे. मी हसून म्हटलं, आजी, माझा नवरा वाट बघतोय.

चौथ्या गावाचा अर्धा भाग फार पूर्वी तळ्यात घसरलाय. रस्ता जातो जातो आणि एका कमानीपाशी संपतो, पलीकडे नुसती हवा. तिथली वही एका निवृत्त पहारेकऱ्याकडे आहे. सरळ माणूस, गोड बोलायची सवय नाही. मी कौतुकानं त्याला सगळं सांगितलं, कसे माझे यजमान बावीस वर्षं मला वहीत घेऊन फिरले. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, बाई, तुमच्यामुळे त्यांचं काम कधी अडलं नाही, एवढं मात्र खरं. म्हणजे? म्हणून विचारलं. त्यानं उठून जुनी वही काढली आणि तिच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला छापील कागद माझ्यापुढे धरला. कड्यावरून एकट्यानं जाण्यास मनाई आहे. किमान दोन व्यक्ती असल्याखेरीज शिक्का मिळणार नाही. कुणीतरी एकटा पडून मेला होता म्हणे कधीतरी, तेव्हापासून नियम. तुम्ही निवृत्त झालात त्याच्या पुढच्या वर्षी कठडा बसवला आणि नियम गेला. कचेरी दुसरा माणूस देत नव्हती, पहारेकरी म्हणाला, आणि शिक्के नसले की कचेरी फेरी झाली असं मानायची नाही. सगळ्यांना माहीत होतं हो, आम्ही डोळेझाक करायचो. कुणी भावाचं नाव घालायचं, कुणी मित्राचं. साहेब बायकोचं घालायचे.

तो कागद मी तीनदा वाचला. किमान दोन. तुम्ही मला काय सांगितलं होतंत? एकट्यालाच सोडतात. अहो, तिथे एकट्याला सोडतच नव्हते! दुसरं माणूस हवं होतं, कागदावर नको, पायांवर उभं असलेलं हवं होतं, आणि ते माणूस तुमच्या घरात बसून तुमच्याकडे मागत होतं, न्या ना एकदा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण तुम्हाला कळसा कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं. त्या वर्षी सासूबाई धडधाकट होत्या. स्वतःच्या हातानं स्वयंपाक करत होत्या. काही अडचण नव्हती. तुम्हाला फक्त मी नको होते, माझं नाव हवं होतं. नाव तरी कुठे, 'सौ.'! माझं नाव लिहायला शाई किती लागली असती?

आणि मग बाकावरची जागा, तो निळा तुकडा? कालपासून त्याचाच विचार करतेय. म्हातारी खोटं बोलणार नाही. एकदा सुरू केलेलं सोंग नीट वठवावं म्हणून बसला असाल, कामात तुम्ही चोख. किंवा खरंच वाटलं असेल थोडं. पण त्यानं माझं काय भलं झालं? वाटलं असेल तर तो निळा तुकडा घरी का नाही आला? तुम्हाला मी मागून येणारीच बरी वाटत होते. बाई मागून येत असली की तिच्यासाठी थांबावं लागत नाही, तिच्याशी बोलावं लागत नाही आणि ती आहे म्हणूनही सांगता येतं. मधली गाडी आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि गेली. मी चढले नाही.

आज इथे पाचव्या गावात शेवटची सही केली. नावाच्या रकान्यात माझं पूर्ण नाव घातलं, लग्नाआधीचं, आईनं ठेवलेलं. संख्येच्या रकान्यात लिहिलं, एक. वहीवाल्या पोरीनं सवयीनं विचारलं, मागून कुणी येतंय का? नाही, म्हटलं, माझ्या मागे कुणी नाही. टोपी मीच घातलीय, इथे संध्याकाळी गारठा पडतो.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. उद्याच्या गाडीनं मी येत नाहीये, हे पत्र येतंय, गाडीवाला घरपोच देईन म्हणालाय. मी इथून उलटी तिसऱ्या गावाला जातेय, मागाच्या वरच्या खोलीत. म्हातारीला निरोप गेलाय. लेकीशी बोलणं झालंय, परवापासून सकाळ-संध्याकाळ एक बाई येईल, स्वयंपाक करेल, औषधं देईल. घंटेला ती उठणार नाही, तसं तिला बजावून सांगितलंय. वॉकरवरचे टॉवेल काढून घ्या, चांगला मजबूत आहे तो. वन्सं, तुम्ही तुमच्या ठरल्या गाडीनं निघा, भावाच्या मायेनं थांबू नका, मी अशीच एक वर्ष थांबेन म्हणून अकरा वर्षं थांबले. मी परत कधी येईन, येईन की नाही, हे मला खरंच माहीत नाही. शेजारी विचारतील, डॉक्टर विचारतील, बायको दिसत नाही ती? त्यांना काय सांगायचं हे मी तुम्हाला शिकवायला नको, बावीस वर्षांचा सराव आहे तुमचा. दाराकडे बघायचं आणि म्हणायचं, ती मागून येतेय, सावकाश चालते ती.

तुमचीच,
सौ.