अप्रिय वार्तेचे निवेदन

४ नोव्हेंबर
काम अखेर माझ्याकडेच आले. अकादमीच्या अठरा वर्षांच्या गटातील सहा मुलांना क्लब पुढे ठेवणार नाही. हे त्यांना कोणी सांगायचे, असा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा सर्वांनी आपापल्या बुटांकडे पाहिले. मी हात वर केला. ज्याने 'अप्रिय वार्तेचे निवेदन: संरचना आणि परिणाम' या विषयावर चारशे पानांचा प्रबंध लिहिला आहे, त्याने बुटांकडे पाहायचे नसते.

डायरेक्टर म्हणाले, प्रबंध वगैरे ठीक आहे सर, पण पहिल्याच वाक्यात सांगून टाका, क्लब तुला ठेवत नाही. बस. पुढचं पोरांना ऐकूच येत नाही.

हे गृहस्थ पूर्वी बचावपटू होते. ते कळतेच.

संकल्प: सहा मुलांसाठी सहा स्वतंत्र निवेदने. 'काढणे', 'ठेवणे', 'नापास' हे शब्द वर्ज्य. मुलगा म्हणजे भाडेकरू नव्हे.

५ नोव्हेंबर
पाच मसुदे तयार. सहावा काडीचा, तो होत नाही.

त्याचे खरे नाव वेगळे आहे, पण अंगकाठीमुळे ते हजेरीपटाबाहेर कुठेच उरलेले नाही. लेफ्ट विंगला खेळतो. मला जेवढे फुटबॉल कळते त्यावरून सुंदर खेळतो. कोचांचे मत असे, की सुंदर खेळतो, पण कोणी नुसता खांदा लावला तरी आडवा होतो. माझ्या भाषेच्या तासाला जागा राहणारा हा एकमेव. शब्द अडला की हात वर करून विचारतो. अशा मुलाला हलक्या दर्जाचे गद्य ऐकवणे मला शक्य नाही.

बायको मसुद्यात डोकावून म्हणाली, अहो, त्याला काढताय की त्याचा सत्कार करताय? ती गणित शिकवते. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की तिचे काम संपते.

७ नोव्हेंबर
निवेदने पार पडली.

पाच वेळा डायरेक्टरांनी घात केला. मी दुसऱ्या परिच्छेदात पाऊल टाकतो न टाकतो तोच ते मध्ये घुसत, बाळा, क्लब तुला ठेवत नाहीये रे, आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवत. पाचही मुले रडली. एकाने खुर्चीला लाथ मारली. सारी रचना कोसळली.

सहाव्या वेळी मात्र दैव अनुकूल झाले. डायरेक्टरांची दाढ ठणकू लागली आणि ते डेंटिस्टकडे पळाले. खोलीत फक्त काडी आणि मी. निवेदन मुखोद्गत होते. सादर केले:

'तू आलास तेव्हा हे मैदान तुला मोठे होते. आज ते तुला अपुरे पडते आहे. या कुंपणाच्या आत शिकण्यासारखे जे होते, ते तू शिकलास. तुझी वाट आता इथून वर जाते. तुला अडवून ठेवणे हा तुझ्यावर अन्याय ठरेल.'

तो हसला. डोळ्यांत पाणी होते, पण हसला. माझा हात दोन्ही हातांत धरून थँक्यू सर, थँक्यू सर म्हणत राहिला. जाताना दार आवाज न करता ओढून घेतले.

प्रबंधाला इतका निर्विवाद पुरावा आजवर मिळाला नव्हता.

८ नोव्हेंबर
बायकोला निवेदन म्हणून दाखवले. ती म्हणाली, बरं झालं बाई, निदान एकाला तरी घेतलं.

ऐकण्याची कला लोप पावत चालली आहे.

११ नोव्हेंबर
काडीच्या आईचा फोन. त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करतात. मागे यंत्रांचा खडखडाट. म्हणाल्या, सर, कसे आभार मानू, तुम्ही बोललात ते सगळं त्यानं मला पाठ म्हणून दाखवलं, मी इथं बायकांना ऐकवलं, एकीला तर रडूच फुटलं. मी म्हणालो की मी केवळ कर्तव्य केले. त्या म्हणाल्या, याचा मामा सारखा म्हणायचा, पोराला अंग नाही, दोन वर्षांत घरी येऊन बसेल; आता बघ म्हणावं.

दुःखातही केवढा हा मानीपणा. दुर्मिळ माणसे.

'आता बघ म्हणावं' याची संगती लागली नाही. बहुधा यंत्रांमुळे काही शब्द गळले असावेत.

१३ नोव्हेंबर
वसतिगृहाच्या वॉर्डनने जिन्यात गाठले. तुमच्या काडीला खिडकीची खोली दिली बघा सर, म्हणाला, तुमचा लाडका ना तो. मी विचारले, कुठे? म्हणाला, कुठे म्हणजे? वर. तुम्हीच पाठवलंत ना, तो सांगत होता.

येथे नोंद आवश्यक. तळमजल्यावर अकादमीची मुले राहतात आणि वरच्या मजल्यावर राखीव संघ, म्हणजे करार झालेले खेळाडू. त्यामुळे या इमारतीत 'वर जाणे' असा एक प्रयोग रूढ आहे. पोरगे वर गेले म्हणजे राखीव संघात गेले, म्हणजे जिंकले. हा प्रयोग माझ्या कानावर होता. परंतु शब्दांचे अर्थ वॉर्डन आणि आचारी यांनी ठरवावेत, हे मला मान्य नाही. शब्दकोश काढला. 'वर' या शब्दाचे अर्थ पुष्कळ आहेत. सगळे पाहिले. क्लबमधून जाणे हा त्यांत नाही.

निष्कर्ष: अर्थग्रहणात किरकोळ विचलन. उगम श्रोत्याकडे. उद्या दुरुस्ती.

१४ नोव्हेंबर
दुरुस्ती झाली नाही. वर गेलो, जिन्याने. काडी कपडे टांगण्यासाठी भिंतीत खिळा ठोकत होता. श्रोत्याच्या हाती हातोडा असताना अप्रिय वार्ता देऊ नये. प्रबंध, प्रकरण तिसरे.

त्याने खिळा तोंडातून काढून विचारले, सर, 'अपुरं पडणं' आणि 'कमी पडणं' यांत फरक काय? मी म्हणालो, मैदान अपुरे पडते, माणूस कमी पडतो. तो म्हणाला, हां, आता कळलं. अर्धा तास फार छान गेला.

१५ नोव्हेंबर
राखीव संघाचे कोच समोरून आले. चिडले असतील, अशी अपेक्षा होती. त्यांनी पाठ थोपटली. म्हणाले, सर, मी तुम्हाला नुसता पुस्तकी माणूस समजत होतो. काढलेली पोरं खोलीत तोंड लपवून पडतात, आणि दुसरीकडे ट्रायलला जातात तेव्हा अंगात दम नसतो. याला महिनाअखेरपर्यंत आमच्यात पळायला पाठवलंत, झकास केलंत. माझा विंगर लंगडतोच आहे, सरावाला तेवढीच सोय.

मी म्हणालो, तोच विचार होता.

मागे वळून पाहता खरोखरच तोच विचार असावा.

१७ नोव्हेंबर
नदीपलीकडच्या छोट्या क्लबचा फोन. त्यांचा माणूस म्हणाला, तुमचा तो डावखुरा सुटलाय म्हणे. शनिवारी बावीसला ट्रायल आहे, धाडून द्या. आम्हाला अंगाचं काही नाही हो, पाय पाहिजे. जागा एकच आहे, आणि शनिवार म्हणजे शनिवार.

उत्तम योग. खुलासा आणि दिलासा, दोन्ही एकाच बैठकीत. उद्या.

१८ नोव्हेंबर
काडीला ट्रायलचे सांगितले. फक्त ट्रायलचे. तो हसू लागला. म्हणाला, मी कशाला जाऊ तिकडे? मी वर आलोय ना सर. त्या पाच जणांपैकी कुणाला तरी पाठवा, बिचारे घरी बसलेत.

युक्तिवाद त्याच्या गृहीतकापुरता बिनतोड होता. मी म्हणालो, अनुभव म्हणून जा. तो म्हणाला, शनिवारी सराव आहे, कोच सोलून काढतील. शेजारच्या कॉटवर पालथा पडलेला गोलकीपर म्हणाला, काडी, मोठा झालास रे, क्लबांना नाही म्हणायला लागलास. यावर सगळे हसले. मीही.

१९ नोव्हेंबर
दुरुस्तीच्या निवेदनाचा मसुदा हाती घेतला. घाईने केलेली दुरुस्ती मूळ विचलनाहून घातक असते.

२० नोव्हेंबर
बायकोने मसुदा वाचला. म्हणाली, यात तर तुम्ही त्याला कॅप्टन केलंय. मग चष्मा काढून ठेवला. अहो, शनिवारच्या आत सांगा. नीट सांगू नका, नुसतं सांगा.

नीट सांगू नका. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईच्या तोंडचे वाक्य.

२१ नोव्हेंबर
सकाळी: आज निश्चित.
दुपारी: चौथ्या वाक्यात 'तथापि' की 'मात्र'?
संध्याकाळी: काडी डोक्याला टॉवेल गुंडाळून भेटला. कोचांनी आज पहिल्यांदा खऱ्या नावाने हाक मारली, म्हणाला. मला आधी कळलंच नाही सर, मी मागे वळून बघितलं. अशा संध्याकाळी कोण सांगेल? उद्या सकाळी लवकर सांगून टॅक्सीने थेट नदीपलीकडे नेता येईल. वेळ पुरेसा आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी सात: मैदानावर पोहोचलो. सराव सुरू झालेला. खेळाडूला मध्येच बोलावणे अशिष्ट.

दहा: नदीपलीकडे फोन केला. मुलाची मनःस्थिती, त्याची कारणमीमांसा, सोमवारपर्यंत मुदतीची विनंती. भाषा अत्यंत काटेकोर. त्यांचा माणूस म्हणाला, सर, येतोय की नाही एवढं बोला, पोरं थंडीत उभी आहेत माझी. म्हणालो, आज नाही. त्याने फोन ठेवला.

क्लब काही एकच नाही.

२५ नोव्हेंबर
नदीपलीकडची जागा भरली. दुसऱ्या एका डावखुऱ्याने.

आणखी चार क्लबांना फोन. तिघांचे संघ ठरलेले. चौथ्याने उंची आणि वजन विचारले. वजन सांगितल्यावर म्हणाला, बघतो. मी म्हणालो, मुलाला शब्दांची जाण उत्तम आहे. असे का म्हणालो, ते कळत नाही.

२७ नोव्हेंबर
त्याच्या आईचा फोन. रविवारी राखीव संघाचा हंगामातला शेवटचा सामना आहे. त्या येणार, मामालाही आणणार. म्हणाल्या, त्याला म्हटलं, दादा, एकदा डोळ्यांनी बघ आणि मग बोल. आपला मुलगा जवळून दिसावा म्हणून कोणत्या बाजूला बसावे, असे विचारत होत्या.

मी सांगितले: मध्यंतरापर्यंत पूर्वेकडच्या बाकांवर, नंतर पश्चिमेकडच्या.

लेफ्ट विंगच्या दृष्टीने माहिती अचूक होती.

२९ नोव्हेंबर
कोच माझ्या खोलीत आले, दार न वाजवता. म्हणाले, पोरगं उद्याच्या यादीत स्वतःचं नाव शोधत होतं. सरावाला चालतं हो, मॅचला करार लागतो. उद्या बघू म्हणून मी कसंबसं कटवलं. सर, याला माहीतच नाही का? मी म्हणालो, सांगितले आहे. सविस्तर सांगितले आहे.

त्यांनी दार लावून घेतले.  म्हणाले, उद्या मॅचच्या आधी तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगतो, आणि मला एकच पद्धत येते.

दुरुस्तीचा अकरावा मसुदा पूर्ण केला. निर्दोष आहे. दोनदा मोठ्याने वाचला. 

३० नोव्हेंबर
सामना तीन वाजता होता. दीडच्या सुमारास कपडे बदलण्याच्या खोलीत गेलो. बाकीचे अजून जेवत होते. काडी एकटाच बाकावर. एक मोजा पायात, एक हातात. मसुदा माझ्या खिशात होता. काढला नाही.

म्हणालो, क्लबनं तुला ठेवलेलं नाही.

त्याने विचारले, कधी ठरलं? म्हणालो, तुला बोलावलं होतं, त्याच्या आधीच. तो म्हणाला, म्हणजे त्या दिवशी तुम्ही मला हेच सांगत होता? म्हणालो, हो. तो तोंडातल्या तोंडात ते निवेदन पुन्हा म्हणू लागला. 'कुंपणा'च्या वाक्यापर्यंत आला. पुढच्या वाक्याला थांबला.

मग म्हणाला, आणि ती ट्रायल? म्हणालो, ती त्यासाठीच होती. जागा गेली. हां, म्हणाला. मला वाटलं मला कळलंय सर, नाहीतर विचारलं असतं.

  

त्याने पायातला मोजा काढला, दोन्ही मोजे एकात एक घालून नीट गुंडाळी केली आणि बाकावर ठेवली. ते क्लबचे होते. आई आलीये, म्हणाला. मी म्हणालो, त्यांना मी सांगतो, ते माझं कामच आहे. तो स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, नको सर. तुम्ही नका सांगू.

उद्धटपणा नव्हता. जिन्यात वाट द्यावी, तसे बोलला.

मी खिडकीशी उभा राहिलो. पूर्वेकडच्या बाकांवर अजून कोणी नव्हते, फक्त त्याची आई आणि मामा, पहिल्या रांगेत. तो मैदानाच्या कडेकडेने गेला आणि कठड्याशी उभा राहिला. काय बोलला ते ऐकू आले नाही. फार लांब नसावे. त्याची आई लगेच उठली. मामाने कठड्यावरून हात घालून त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली.