बेटाला फूल आलं

११ डिसेंबर
सकाळच्या एसटीने गावी. दिनूचे दोन फोन येऊन गेले होते. "ताई, बेट वाळून राह्यलं. तू येऊन पाय एकदा."
नाल्याकाठचं आमचं कटांग बांबूचं बेट. पान एकही नाही. इतकं काटेरी, दाट, की त्यात साप शिरला तर बाहेर येत नाही असं बाबा म्हणायचे. आज त्याच्यातून पलीकडचं शेत दिसलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.
पेरापेरांवर कुसळांसारखे झुबके. मातकट. हात लावला तर बोटाला पिवळी पूड.
"रोग असन. फवारतो," दिनू म्हणाला.
आई शेताच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंतही आली नव्हती. घरी तिला बोट दाखवलं. तिने पदराने पुसून टाकलं. "फुललं ते." पुढे काही नाही. तांदूळ निवडायला बसली.

१२ डिसेंबर
कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्राच्या शबाना मॅडमना फांदी दिली. त्यांनी भिंगाखाली धरली आणि मला वाकायला लावलं. केसाएवढे धागे, त्यांना पिवळ्या पिशव्या. पंखा बंद होता तरी हलत होत्या. आमच्याच श्वासाने.
"सहा पुंकेसर. भातासारखेच. गवतच ना शेवटी."
सुंदर आहे, मी म्हटलं.
"तुम्ही मराठीवाले ना मॅडम, मरणारी कोणतीबी चीज तुम्हाले सुंदर वाटते."
हसल्या. मग सांगितलं. कटांग जन्मात एकदाच फुलतो. कंदात साठवलेलं सगळं बियांत ओततो आणि उभ्याने वाळतो. अख्खं बेट. औषध नाही, कारण आजार नाही.
मी दिनूच्या प्लॉटबद्दल विचारलं. दोन एकरांतली कपाशीची पऱ्हाटी काढून लावलेला कटांग. डोक्याच्या वर गेलाय.
"रोपं कुठून आणली?"
"आणली नाहीत. याच बेटाचे कंद."
बराच वेळ भिंग पुसत राहिल्या.
"कंद लावला म्हणजे नवं झाड नाही लागत, मॅडम. जुन्या झाडानं हात लांब केला, बस. उंची नवी. वय तेच."
दिनूला सांगितलं नाही.

१८ डिसेंबर
दुपारी नेरहून आत्याचा फोन.
"नंदे, तुमच्या बेटाले काही झालं काय?"
"का गं?"
"आमचं फुललं ना बाई."
आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की गाडीत बेटाचा एक कंद ठेवतात. मांडवाचे बांबू घरचे, कंदही घरचा. आत्याचं बेट तिच्या लग्नातलं. धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, पुसदला, तिच्या लग्नातलं. माझं लग्न नाही, माझा कंद नाही. बाबा पाहुण्यांना सांगत, जिल्ह्यात आपली बेटं किती ठिकाणी उभी आहेत बघा.
ठिकाणं अनेक. बेट एकच.
कुसुमला फोन केला. "हिरवंगार हाय आमचं. काहून ताई?" सहज, म्हटलं. मग तिच्या दिराच्या लग्नाचं बोलत बसलो.

२५ डिसेंबर
दिनूला सांगितलं. प्लॉटमध्येच. तो ठिबकची नळी जोडत होता.
"तीन वर्साचं पोरगं म्हातारं कसं होइन, ताई? त्या मॅडमले कटांग माहीत नाई. पुस्तक माहीत हाय."
"त्या नेरच्याच आहेत. आत्याचं बेटही नेरलाच फुललंय."
"तिकडून रोग आला असन मग."
नळी बसली. पाणी सुरू झालं. तो उठला नाही.
"हे गेलं तं मी परत पुण्याले. कंपनीवाला आजबी बोलावून राह्यला. मंग आईले तू पाय."
रागाने नाही. हवामान सांगावं तसं.
तो पुण्यात होता तेव्हा आई एकटी. गॅस पेटवायची नाही. सकाळचा चहा आणि मग काहीतरी. तो परत आल्यापासून दोन्ही वेळ भाकरी होते घरात. माझ्याकडे राळेगावला ती रात्रभर राहत नाही. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा पहाटे पिशवी भरून दारात बसलेली.

१ जानेवारी
दिनूने बेट तोडलं. मला कळवलं नाही. रोग वाऱ्याने प्लॉटवर जाईल म्हणून. माणसं लावली, त्यांचे हात काट्यांनी फाटले. तोडलेलं सगळं नाल्यात पेटवलं. मी पोचले तेव्हा पेरं फुटत होती. एकेक, थांबून थांबून. गावातली कुत्री लांब उभी.
राखेच्या कडेला एक झुबका उरला होता. दाणा दाबला. आत दूध. पिकायला अवकाश होता.
आई जेवायला बसली, जेवली नाही.
"बी तरी पडू द्याचं व्हतं."
दिनू: "कायचं बी?"
मग तिने सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा नाल्याकाठी बेट नव्हतंच. वाळलेला सांगाडा होता आणि खाली भाताच्या रोपांसारखी हिरवी लव. सासऱ्यांनी भोवती काट्यांचं कुंपण घातलं. ढोरं येऊ दिली नाहीत. "जुनं मेलतं. त्याच्या बियाचं हे."
"मंग आधी काहून नाई सांगितलं?"
"इचारलं काय तू? तू तं कुऱ्हाड घेऊनच गेलता."

८ जानेवारी
गावीच. सकाळी गुलाबराव सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून आले. शेजारचं शेत त्यांचं. बाबांच्या वेळी त्यांनी धुऱ्याला लावायला एक कंद नेला होता. पोतं दारात उपडं केलं. मातीसकट कंद, मुळं तुटलेली.
"घ्या वहिनी. तुमच्या बेटाची लेक. माहेरी आणून सोडली."
दिनू म्हणाला, काका, तुमचं तं फुललंबी नाई अजून.
"फुलाची वाट पाहू काय? फुललेलं बेट घरचं माणूस नेते म्हणते. माझ्या घरी माणसं हायेत बाप्पा. तुमचं तुम्ही ठेवा."
चहा घेतला नाही. गुलाबराव आमच्याकडे चहा न घेता कधी गेलेले नाहीत.
आई आतून भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन आली. कंदावरून ओवाळून बाहेर टाकलं. माहेरी आलेल्या मुलीवरून टाकतात तसं. टाकल्यावर तिच्या लक्षात आलं असावं, ही पाहुणी नव्हे, टाकून दिलेली. हात तसाच राहिला.
कंद संध्याकाळी तिनेच परसात पुरला. दोन पेरं वर ठेवून. दिनू पाहत होता.

२२ जानेवारी
कुसुम. फोनवर आधी नुसता मिक्सरचा आवाज. मग बंद झाला.
"फुललं ताई."
कधी, विचारलं.
"सोमवारी पायलं. मंगळवारी सासऱ्यानं जेसीबी बोलावला. घरात लग्न हाय म्हणते, हे दारात नको. मुळासकट काढलं. मले विचारलं बी नाई."
तिला बियांचं सांगितलं नाही. आता उपयोग काय.
उरलं आत्याचं. आणि दिनूचा प्लॉट.

५ फेब्रुवारी
प्लॉट हिरवा. मी एकेक ओळ चालत गेले. पान, पान, पान. कोवळ्या काट्यांनी ओढणी तीनदा अडवली.
नेरचा व्यापारी येऊन गेला. बांबूवर चापट मारली. "माल जानदार हाय दिनूभाऊ. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाले दाखवू नका." दिनू हसला. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. व्यापारी गेल्यावर मला म्हणाला, "सांग तुझ्या मॅडमले. म्हातारा असा दिसते काय?"
मीही हसले.
शबाना मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "चांगलं आहे," म्हणाल्या. मग, "कंद मोठा असला की आधी फुलतो. लहानाकडे साठा कमी असतो. मागून येतो कधी कधी."
मागून. हा शब्द दिवसभर.

२६ फेब्रुवारी
प्लॉटमध्ये पानगळ.
मॅडम म्हणतात, कटांग उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतोच. गळ म्हणजे फूल नव्हे. पानं गळलेल्या पेरावर नवी पालवी दिसली तर काळजी नको. काही दिसलं नाही तर पाहावं लागेल.
दिनू रोज फोटो पाठवतो. फोटोत माती दिसू लागली आहे.

१२ मार्च
पाण्याच्या टाकीजवळची शेवटची ओळ. दिनूने आधी पाहिलं होतं. मला नेऊन उभं केलं, बोट दाखवलं नाही. मी स्वतः शोधेपर्यंत थांबला. हिरव्या बांबूवर मातकट झुबका. एकच. मग डोळा सरावला. पुढच्या बांबूवर. त्याच्या पुढच्या.
मधमाश्या नाहीत, पाखरं नाहीत. कटांगाला कोणाची गरज नसते, वारा पुरतो. आज वाराही नव्हता. पूड आपोआप गळत होती, ठिबकच्या काळ्या नळ्यांवर.
दिनू म्हणाला, "गुलाबकाकाले सांगू नको."

१८ मार्च
दुपारी आत्या. आवाज बसलेला.
बी पडलं. सूप भरून गोळा करायचं ठरवलं होतं, आईने सांगितल्याप्रमाणे. सकाळी गेली तर जमीन हलत होती.
"उंदीर, नंदे. दिवसाढवळ्या. मले भ्यालेबी नाई. बी सरलं तसे घरात घुसले. सोयाबीनची पोती फाडली. काल माह्या अंथरुणात होता."
मूठभर तरी?
"कायची मूठ. टरफलं हायेत. पायजेत काय?"

१९ मार्च
मी, दिनू, आई. मॅडमचा फोन स्पीकरवर ठेवला.
आई: "उभं राहू दे. बी होऊ दे. मंग कुंपण घालू."
दिनू: "कोनासाठी? उंदरांसाठी? आत्याचं ऐकलं ना? आणि बी उगवून बांबू होइलपर्यंत मी इथं काय खाऊ?"
त्याचं म्हणणं, आत्ताच तोडायचं. जमिनीलगत. ताकद बियांत जायच्या आत. बुंध्यातून नवा कोंब येईल, हिरवा.
मॅडमना विचारलं, येईल?
"भाऊ, काही ठिकाणी येतो. फार नाही. बहुतेक वेळा कंदाला ठरलेलं विसरता येत नाही. कोंब येतो, पण त्याला पान नसतं. जमिनीतूनच फूल येतं."
जमिनीतूनच फूल. आईने पदर तोंडाला लावला.
"आणि नाई तोडलं तं?" दिनूने विचारलं.
"तर प्लॉट जाईल. पण बी मिळेल. राखलं तर."
"राखलं तं," दिनू म्हणाला. फोन त्यानेच बंद केला.
मला विचारलं, तू सांग ताई. मी म्हटलं, प्लॉट तुझा आहे. हे उत्तर नव्हतं. त्यालाही कळलं.

२६ मार्च
तोडला. या वेळी माणसं मिळाली नाहीत. मजुरीचा प्रश्न नव्हता, कोणी यायलाच तयार नाही. दिनू एकटा, आठवडाभर. हातावर चिंध्या. टाकीजवळची एक ओळ तरी बियांसाठी ठेव, आई म्हणाली. ठेवली नाही. "एकाचं पाहून दुसरं फुलते," म्हणाला. तसं नसतं. सांगून उपयोग नव्हता.
दोन एकर बुंधे. घोट्याएवढे. चालताना पाय उचलून टाकावा लागतो.

९ एप्रिल
ऊन. ठिबक चालू. बुंधे ओले, काळे. काही नाही.
परसातला गुलाबरावांचा कंद कुजला. आईने उकरून पाहिला, पुन्हा माती लोटली.
बसमध्ये गुलाबरावांच्या सुनेने जागा दिली. मग पुढच्या थांब्याला उठून मागे जाऊन बसली. तिथे उन्हाची बाजू होती.
पुण्याचा फोन आला होता, दिनूने सांगितलं. महिनाअखेर कळवायचं आहे.
"काय सांगितलंस?"
"पायतो म्हटलं."
आईला त्याने सांगितलेलं नाही. पण आईने गॅस पेटवणं सोडलं आहे. काल फोडणीचा डबा धुऊन, पुसून वर ठेवला. दिनूने स्वतः भाकरी थापली. वेडीवाकडी. तिने खाल्ली, नावं ठेवली नाहीत. नावं ठेवली असती तर बरं वाटलं असतं.

१६ एप्रिल
उंदरांची बिळं. बुंध्यांच्या मध्ये, ठिबकच्या ओलीत. इथे बी नाही, पडणारही नाही. तरी आलेत. बिळांच्या तोंडाशी माती ताजी.
मॅडमना फोन. वाट पाहणं एवढंच, म्हणाल्या. मग विषय बदलून, "ईदचा शिरखुर्मा डब्यात ठेवते, सोमवारी घेऊन जा, आईंना द्या." त्यांनी विषय बदलला तेव्हा मला भीती वाटली.

२९ एप्रिल
सकाळी सहा वाजता दिनूचा फोन. "ये." पहिली बस धरली.
मधल्या ओळीत एका बुंध्याच्या कुशीत कोंब. करंगळीएवढा. पावसाळ्यात वास्त्यांची भाजी करतो तेव्हाचे कोंब मनगटाएवढे असतात. हा त्यातला नव्हे. तपकिरी, आवरण घट्ट मिटलेलं. भोवती मातीत दिनूच्या गुडघ्यांच्या खुणा.
आई आली होती. कित्येक महिन्यांनी धुऱ्याच्या आत. छत्री कोंबावर धरून उभी, स्वतः उन्हात.
"सोलून पायतो," दिनू म्हणाला. ब्लेड आणलं होतं.
आई: "हात लावशीन तं याद राख."
"उद्या फोन कराचा हाय मले, आई."
"कोनाले?"
तो ब्लेड पुसू लागला. आईला आत्ता कळलं, की आधीच माहीत होतं, सांगता येत नाही. छत्री हलली नाही.
कोंबाच्या टोकाला फट होती. बारीक. मॅडमना फोन लावला, लागला नाही. पान असेल तर कड सपाट दिसेल, त्यांनी कधीतरी सांगितलं होतं. फूल असेल तर टोक कुसळासारखं.
मी मातीत गुडघे टेकले. चष्मा काढून जवळ गेले. फटीत काहीतरी फिकट. कड आहे, असं वाटलं. मग तसं वाटेना. श्वास धरला, कारण ते माझ्या श्वासाने हलत होतं.
"काय हाय?" दिनू. मग आईही, हळू, "सांग ना पोरी."
मी अजून पाहतेच आहे, म्हटलं.