उश्बावर कोंबडा

८ ऑगस्ट
कोंबडा! सॅकमध्ये दोर, स्टोव्ह — आणि जिवंत कोंबडा! उश्बाचा डोंगर चढणाऱ्यांत माझ्याएवढं गाढव झालं नसेल. तळावरचे परदेशी फोटो काढत होते. माकडं!

सगळा आईचा हट्ट. माझा भाऊ ओतिया गेल्या वर्षी वरच्या खिंडीखाली हिमकडा कोसळून गाडला गेला. सापडलाच नाही. आईच्या मते त्याचा जीव अजून तिथंच कुडकुडतोय. चार्गाजमामानं चांगीच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या वीणेच्या, तारा छेडायच्या, कोंबडा आरवला की जीव त्याच्यात शिरला म्हणायचं, वाजवत घरी आणायचं. "तोवर चूल पेटवणार नाही," म्हणते. शेजाऱ्यांचा एखादा तुकडा तोंडात टाकते. नुसती हाडं उरलीत.

९ ऑगस्ट
मामा साठीचा म्हातारा. माझ्या दोराला बांधलेला, पाठीवर ती चांगी. हिमनदीच्या प्रत्येक भेगेशी थांबून दारू शिंपडतो. "डोंगराला विचारून पुढं जावं, बाळा." डोंबल! भाऊ गिळला त्यानं — त्याला विचारू? मी थुंकलो.

१० ऑगस्ट
वारा. कोंबडा माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये हगला.

११ ऑगस्ट
पोचलो. उश्बाची दोन्ही शिखरं ढगात गडप. मामा ओतिया गाडला गेला तिथं बसून वाजवतोय, बोटं फुटलीत. कोंबडा ढिम्म!
"मामा, त्याला गाण्यातलं कळत नाही."
"तुला तरी कुठं कळतं?"

१२ ऑगस्ट
सकाळी वादळ. कोंबडा जाकिटात घेतला होता — बघतो तर गार! मेल्याला एकदा आरवता आलं नाही!

तंबू फाटायला लागला. "मामा, उतरू या!" बाहेरून ओरडला, "आरवल्याशिवाय हलणार नाही!" मरेल हा इथंच. आणि खाली आई उपाशी.

मग मीच आरवलो. तंबूतून, घसा फोडून. स्वतःचीच लाज वाटली. हसू आलं. मग रडूच कोसळलं.

तारा थांबल्या. मामा आत आला, मेलेला कोंबडा पाहिला. आता कानाखाली बसणार! त्यानं माझ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "जपून उतर," एवढंच बोलला. बर्फ संपल्यावर चांगी काढली आणि वाजवत माझ्यापुढं चालू लागला.

१३ ऑगस्ट
आई दारात. कोंबडा कुठाय, विचारलंच नाही. मामानं माझ्याकडे बोट केलं. तिनं माझ्या छातीवर हात ठेवला.
"आलास का रे, ओतिया?"
"आलो, आई."