काडतुसांचं सामान मिळेल का

बाबा,

आज आईचं जुनं कपाट आवरताना तुमची ती निळी वही पुन्हा हातात आली, आणि इतकी वर्षं जे सांगायचं टाळत आले ते लिहून तरी काढावं असं वाटलं. तुम्हाला जाऊन बराच काळ लोटला. मी आता त्या वयाला आले आहे ज्या वयात तुम्ही मला गाडी शिकवत होतात. तेव्हा तुम्ही मला म्हातारे वाटायचात. आता आरशात बघते तेव्हा कळतं की तुम्ही तसे तरुणच होतात, फक्त दमलेले असायचात.

ट्रॉय गावातल्या आपल्या त्या घराचं बेसमेंट आठवतं. जिना उतरला की डाव्या हाताला आईच्या लोणच्याच्या बरण्या आणि तांदळाची पोती, उजव्या हाताला तुमचं टेबल. टेबलाला घट्ट बसवलेलं ते लोखंडी यंत्र, त्याचा लांब दांडा, शेजारी लहानसा तराजू, डब्यांमध्ये धुऊन पुसून ठेवलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या. कंपनीत तुम्ही दिवसभर गाड्यांचे सुटे भाग मोजायचात, केसाच्या जाडीइतका फरक सापडला तर अख्खी खेप परत पाठवायचात, आणि शनिवारी घरी बसून पुन्हा मोजतच असायचात. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत तुम्ही नेमबाजी केली होती, राज्याच्या स्पर्धेपर्यंत गेला होतात, पण स्वतःची रायफल कधी नव्हती. ग्रीन कार्ड हातात आलं त्या वर्षी निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याकडून तुम्ही त्याची जुनी रायफल घेतली. तिची काडतुसं दुकानात सहसा मिळत नसत, म्हणून तुम्ही वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायला शिकलात. दर रविवारी क्लबच्या रेंजवर जाऊन कागदावर गोळ्या झाडायच्या आणि जेवायला घरी यायचं. तुम्ही आयुष्यात एक ससासुद्धा मारला नाहीत. आई मात्र फोनवर मावशीला सांगायची, "हे दारू आणायला गेलेत," आणि मावशी तिकडून काळजीत पडायची. मग आईला दर वेळी सांगावं लागायचं, "अगं, ती नाही, बंदुकीची."

मी पंधरा वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात तुमचं नेहमीचं दुकान बंद झालं, मालक फ्लोरिडाला राहायला गेला. दुसरं शोधू म्हणत तुम्ही दिवस काढलेत आणि मग तो सप्टेंबर आला. न्यूयॉर्कचे मनोरे पडले. आपल्या गल्लीत घरोघरी झेंडे लागले. आईनेही एक आणून पोस्टाच्या पेटीला बांधला. तुम्ही ऑफिसला जाताना ती दारात उभी राहून म्हणायची, "आज कोणाशी वाद नका घालू." जसं काही तुम्ही कधी कोणाशी वाद घालत होतात. टपालाने सामान मागवता आलं असतं, पण आईने हात जोडले. "बंदुकीच्या दारूचं खोकं आपल्या पायरीवर नको. शेजारी काय म्हणतील?"

तेव्हा मला लायसन्ससाठी आईवडिलांबरोबर गाडी चालवून तास भरायचे होते. तुम्ही म्हणालात, "चल, तुझे तास भरतील आणि माझं कामही होईल." फोन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण तुमचे उच्चार ऐकून एकाने फोनच ठेवून दिला होता. मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनजवळ स्टूल ओढून बसते. पुढ्यात यलो पेजेस उघडलेली. तुम्ही ओट्याला टेकून उभे, हातात पेन्सिल. मी इथल्या मुलींसारख्या आवाजात विचारते, काडतुसं भरायचं सामान मिळेल का, दारू आहे का, प्राइमर आहेत का. प्राइमर म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसणारी इवलीशी टोपी, हे मला तुम्हीच एकदा तळहातावर ठेवून दाखवलं होतं. तिकडून कुणी हसून म्हणतं, "हनी, आम्ही फक्त मासेमारीचं ठेवतो." कुणी म्हणतं, आहे, या. तुम्ही एका कागदावर नावं आणि रस्ते लिहून घेता. माझ्या आवाजाचं तुम्हाला किती कौतुक वाटत होतं ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतं आहे, आणि मला त्याची थोडी लाज वाटते आहे.

ऑक्टोबरमधल्या त्या शनिवारी आपण निघालो. पहिल्या दुकानात प्राइमर संपले होते. दुसरं घरापासून वीस मिनिटांवर, टायरच्या दुकानाला लागून होतं. हरणांच्या शिकारीचा मोसम जवळ आलेला, त्यामुळे आत गर्दी होती. शिकारीच्या भडक नारिंगी टोप्या घातलेली माणसं, कॉफीचा वास, काउंटरवर छोटा झेंडा. तुम्ही रांगेत उभे राहिलात. ऑफिसला घालता तेच जाकीट, खिशाला दोन पेनं. मी दारापाशी हातमोज्यांच्या स्टँडजवळ थांबले. आपल्या आधीच्या माणसाशी मालक खूप वेळ हसत बोलत होता. तुमची पाळी आली आणि त्याचं हसणं थांबलं.

तुम्ही काय हवं ते सांगितलंत. तो म्हणाला, "कशासाठी हवंय?"

"रायफलसाठी. टार्गेट शूटिंग. मी क्लबचा मेंबर आहे."

"कुठून आलात?"

"ट्रॉय."

"तसं नाही. मूळचे कुठले?"

तुम्ही म्हणालात, "इंडिया." मागे कुणीतरी हलक्या आवाजात काहीतरी बोललं आणि दोघंतिघं हसले. मला ते ऐकू आलं, म्हणजे तुम्हालाही आलं असणार. मालक म्हणाला, "नाही आमच्याकडे." त्याच्या पाठीमागच्या फळीवर डबे ओळीने मांडलेले होते. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत. बोट नाही दाखवलंत, फक्त बघितलंत. "ते दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलेत," तो म्हणाला. आणि मग तुमच्या खांद्यावरून त्याची नजर माझ्याकडे आली. आवाज बदलून त्याने विचारलं, "मिस, तुम्हाला काही हवंय? की तुम्ही यांच्याबरोबर आहात?"

मी म्हणाले, "नो. आय ॲम जस्ट लुकिंग."

बाबा, तुम्ही वळून पाहिलं नाहीत. तुम्ही त्या माणसाला थँक यू म्हणालात आणि माझ्या शेजारून, माझ्याकडे न बघता, अनोळखी माणूस जातो तसे दाराबाहेर गेलात. मला वाटतं तुम्ही माझं खोटं सांभाळून घेतलंत. मी त्याहून वाईट केलं. लगेच बाहेर पडले तर कळेल म्हणून मी तिथेच थांबले. हातमोजे घालून बघितले, किमतीच्या चिठ्ठ्या वाचल्या. दोन मिनिटं असतील, तीन असतील. मालकाने मला गोड हसून "हॅव अ गुड वन" म्हटलं. मीही हसले.

गाडीत तुम्ही शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसला होतात. कागद मांडीवर. त्या दुकानाच्या नावावर तुम्ही सरळ रेघ मारलीत, फूटपट्टीने मारावी तशी. "पुढचं जरा लांब आहे," तुम्ही म्हणालात. "थकली असशील तर घरी जाऊ."

"नाही," मी म्हणाले.

उत्तरेला तासभर गेलो. घरं संपून मक्याची कापलेली शेतं लागली. मी तुमच्या रागावण्याची वाट बघत होते. तुम्ही मला एकदा जोरात बोलला असतात तर मी रडले असते, तुम्ही गप्प राहा म्हणाला असतात, आणि ते तिथेच मिटलं असतं. पण तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. एकदाच बोललात. मी लेन बदलली तेव्हा. "ब्लिंकर आधी दे. मागच्याला कळायला पाहिजे तू काय करणार आहेस ते." मी मान हलवली. त्या वाक्यात दुसरा काही अर्थ होता का हे मी कित्येक वर्षं शोधत होते. नसावा. तुम्ही जे बोलायचात तेच तुम्हाला म्हणायचं असायचं.

ते तिसरं दुकान म्हणजे एका घराचं गॅरेज होतं. सत्तरीच्या एक बाई होत्या, पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनीही विचारलं, "कशासाठी भरताय?" पण हे विचारणं वेगळं होतं. तुम्ही रायफलचं नाव सांगितलंत आणि त्या म्हणाल्या, "अरे वा, माझ्या नवऱ्याकडे तीच होती." मग तुम्ही दोघं अर्धा तास बोलत होतात. तुम्ही हातवारे करत होतात, नागपूरच्या मैदानातल्या उन्हात नेम कसा हलायचा ते सांगत होतात. इंग्रजीत तुम्हाला इतकं मोकळं बोलताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सामान पिशवीत भरलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आणि ही कोण?"

"माय डॉटर," तुम्ही म्हणालात. "शी ड्रोव्ह ऑल द वे." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

घरी आलो. आईने पोहे केले होते. "मिळालं का?" तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, "मिळालं. पोरीने छान चालवली गाडी." त्या दुसऱ्या दुकानाबद्दल तुम्ही तिला काहीच सांगितलं नाहीत. मीही नाही.

त्यानंतर तुम्ही दोनतीन वर्षं रेंजवर जात राहिलात. मग उजवा हात थरथरायला लागला, आणि एका रविवारी तुम्ही रायफल क्लबच्या एका तरुण सभासदाला देऊन आलात. घरी येऊन चहा मागितलात, एवढंच. मी तोवर कॉलेजला, होस्टेलवर. तुम्ही फोनवर विचारायचात, "गाडी नीट चालवतेस ना?" मी शेवटच्या वर्षाला असताना, हिवाळ्यात, तुम्ही ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये कोसळलात. मी हॉस्पिटलला पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. बर्फात गाडी हळू चालवावी लागली. ब्लिंकर देत आले.

बेसमेंट आवरायचं माझ्याकडे आलं. टेबलाखाली दारूचा अर्धा डबा, प्राइमरची दोन खोकी. हे कचऱ्यात टाकायचं नसतं एवढं मला माहीत होतं. मी पुन्हा त्याच फोनजवळ बसले आणि नंबर फिरवले. त्या बाईंचा नंबर बंद झाला होता. मोठ्या दुकानाने सांगितलं, उघडलेलं परत घेत नाही. शेवटी आपल्या भागात एकच दुकान उरलं होतं, टायरवाल्याच्या शेजारचं.

मी गेले. तोच माणूस होता, आता केस पिकलेले. त्याने मला ओळखायचं काही कारणच नव्हतं. मी खोकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "हे माझ्या वडिलांचं. ते गेले." त्याने टोपी काढली. "आय ॲम सॉरी, मॅम." उघडलेला डबा तो स्वतः नीट नष्ट करणार होता, बाकीचं क्लबला देणार होता. खोक्यात ही निळी वहीही होती. त्याने ती चाळली. देवनागरी आकडे बघून विचारलं, हे काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. तारीख, हवा, वारा कुठला, नेम किती लागले, आणि खाली तुमचा शेरा: "श्वास घाईत सोडला." "चूक माझी, रायफलची नाही." तो ऐकत राहिला. म्हणाला, "फार काळजीपूर्वक काम करणारा माणूस होता. असे आता येत नाहीत. मला भेटायला आवडलं असतं."

मी त्याला म्हणू शकले असते, "तुम्ही त्यांना भेटला आहात." शब्द तोंडाशी आले होते. पण त्याच्या हातात त्याची टोपी होती, आणि हे बोलायचा हक्क मलाच नव्हता. मी थँक यू म्हणाले, वही परत घेतली आणि गाडीत बसून त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवसाचं पान शोधलं. नव्हतंच. त्यानंतरचे तीन रविवार तुम्ही रेंजवर गेलाच नव्हतात. मला तेव्हा ते कळलंही नव्हतं. तुम्ही रविवारी घरी होतात आणि तरी माझ्या लक्षात कसं आलं नाही, तेच मला कळत नाही.

आता जे सांगायचं राहिलंय ते. तुमच्या तेराव्याला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. मला बोलायला सांगितलं. मी त्या शनिवारची गोष्ट सांगितली. म्हणाले, दुकानदाराने बाबांना सामान द्यायला नकार दिला, आणि मला विचारलं की तुम्ही यांच्याबरोबर आहात का. आणि मी पुढे होऊन म्हणाले, हो, हे माझे वडील आहेत. असं सांगायचं मी ठरवलं नव्हतं. त्या वाक्यापाशी पोचले आणि तोंडातून तेच आलं. काका-काकू डोळे पुसत होते. आईने ती गोष्ट तेव्हा पहिल्यांदा ऐकली. घरी येताना ती म्हणाली, "तू होतीस म्हणून त्यांना तिथे एकटं वाटलं नसेल." तेव्हापासून ती येईल त्याला हे सांगते.

आई आता माझ्याकडेच असते. मागच्या आठवड्यात तिने ती गोष्ट माझ्या लेकीला सांगितली. लेक आठ वर्षांची आहे. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. ती माझ्याकडे धावत आली. "मॉम, डिड यू रिअली से दॅट?" मी कणीक मळत होते. मी म्हणाले, "हो."

हे पत्र मी मराठीत लिहिलं कारण तुमच्याशी मी दुसऱ्या भाषेत कधी बोलले नाही. पण या घरात मराठी वाचता येणारं माझ्याशिवाय एकच माणूस आहे, आणि नेमकं तिच्याच हाती हे लागायला नको आहे. आत्ता आई दारात येऊन उभी राहिली. "एवढं काय लिहितेयस?" तिने विचारलं. ऑफिसचं काहीतरी, असं म्हणून मी कागद पालथा घातला.