लेपावर पॉलिश

बुधवार, दिवेलागण. मंगळवार पेठ

डोकं ठिकाणावर नाही. आक्काच्या नव्या खानावळीतला लाकडी माळा मी बांधला. खाली शेगड्या पेटणार म्हणून फळ्यांना आगरोधक लेपही मीच दिला. आज जाऊन बघतो तर माळा आरशासारखा चमकतोय. आक्कानं पेंटर लावून लेपावर साधं पॉलिश मारून घेतलंय.

"पांढुरकं, आजारी दिसत हुतं की," म्हणाली.

तिच्यासमोरच फळीचे दोन तुकडे शेगडीवर धरले, एक नुसत्या लेपाचा, एक वर पॉलिश मारलेला. नुसत्या लेपाचा भाकरीसारखा टम्म फुगला, आतलं लाकूड शाबूत. पॉलिशच्या तुकड्यावरून मात्र जाळ सरसर पळाला. आक्कानं दोन्ही नीट बघितले.

"उद्या उद्घाटन हाय. सोमवारी बंद असतंय, तवा खरवडा."

मी मान डोलावली. का डोलावली? भाकऱ्या थापणाऱ्या दोघी कालपासून त्याच माळ्यावर झोपतात. उतरायला एकच शिडी, तीही शेगड्यांच्या बाजूला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकताच उठून बाहेरच्या खोलीत गेली. फुगलेला तुकडा आता माझ्यासमोर आहे. नखानं टोकरला की काळी पापडी निघते, खाली लाकूड जसंच्या तसं. सोमवारपर्यंत काही होत नाही म्हणा. रोज कुठं आग लागते? पण हे मी सांगतोय कुणाला?

आत्ता बायको दारात आली. "बाहेरच्या खोलीत दोघींची अंथरुणं घातल्यात. लिवत काय बसलाय? जावा की, घेऊन या त्यास्नी."