पहिला नंबर संगणकाचा

तीर्थस्वरूप धीरजमामास,

सातपाटीहून भाग्येशचा वाकून नमस्कार. बोईसरला मामीचा गुडघा आणि तुझी कारखान्यातली पाळी दोन्ही सुरळीत असतील असं धरून चालतो. मला तर हुश्श झालंय! मच्छीमार सोसायटीतली नोकरी वाचली, मामा. ती पक्की होईपर्यंत चंद्रकांताकाकी तिच्या दीपालीशी माझ्या लग्नाचा विषयही काढू देत नव्हती, हे तुला ठाऊकच आहे.

झालं असं, की मासळीच्या लिलावातल्या बायकांना सोसायटीने हातात मावणारी बिलाची मशिनं दिली. ती ब्लूटूथने ऑफिसातल्या लिनक्सच्या संगणकाला जोडायची, तर प्रत्येकीला वेगळा पत्ता हवा, म्हणजे एक नंबर. मी शहाणा, ते हातानेच भरत बसलो. आपल्याकडे लिलावात बसायची जागा सासूकडून सुनेकडे येते, हे साफ विसरलो. मंदाआत्या म्हणाली, "माझी सासू पयल्या जागेवर बसायची. मना पयलाच नंबर पायजे." पहिला नंबर संगणकाचा स्वतःचा असतो म्हटलं, तर म्हणे, "तो काय मासली विकतो?" कशीबशी दुसऱ्यावर राजी केली, तेवढ्यात तिची जाऊ हजर, म्हणजे आपली चंद्रकांताकाकीच. (सासू एकच ना दोघींची!) होणाऱ्या सासूला नाही कसं म्हणू? एक सकाळी येते, दुसरी दुपारी, असा विचार करून तिलाही दुसराच दिला.

नेमक्या त्या दिवशी दोघी एकदम आल्या. एका पत्त्यावर दोन मशिनं, दोघींची बिलं अडली, पापलेटांवरचा बर्फ वितळायला लागला. वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या या जावा माझ्यावर मात्र जोडीने तुटून पडल्या. चेअरमन महादूशेठ म्हणाले, "उद्या परत असा झाला तर तू घरी बस."

म्हणून तुला फोन केला. तू म्हणालास, पत्ते वाटायचं काम संगणकालाच दे. दिलं. त्यासाठीचा छोटा प्रोग्राम बसवला, कुठून कुठपर्यंत नंबर वाटायचे तेही सांगितलं, पण फक्त ब्लूटूथच्या बाजूलाच वाट, हे सांगायचं राहिलं. तो इतका दिलदार, की ऑफिसात वायरने जोडलेल्या संगणकांनाही वाटत सुटला आणि महादूशेठच्या संगणकाचं इंटरनेट बंद! (त्यांना वाटलं इंटरनेट कंपनीचाच घोळ. मी मान डोलावली.) एक ओळ वाढवली, तेव्हा कुठे तो ताळ्यावर आला.

दुसऱ्या दिवशीच्या लिलावात जी येईल तिला रिकामा नंबर आपोआप मिळत गेला, आणि तो कोणता हे मशिनवर दिसतच नाही! एकीचंही बिल अडलं नाही. महादूशेठनी नोकरी पक्की केली. मी बर्फाच्या खोलीमागे जाऊन चक्क रडलो रे.

तुझा भाचा,
भाग्येश

ता. क. रविवारी बाबांबरोबर काकीकडे दीपालीला मागणी घालायला ये. बाबा एकटे जायला घाबरतात.

ता. क. आपोआप म्हटलं ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. काकीने अट घातली, म्हणून तिच्या मशिनला दुसरा नंबर कायमचा बांधून दिलाय. आत्याला कळता कामा नये.

ता. क. आत्याही काल तेच मागून गेली. तिला तिसरा बांधलाय आणि दुसरा म्हणून सांगितलंय. रविवारी ती पण येणार आहे. तू दोघींच्या मध्ये बस.